पुतळ्याची जागा

४ जानेवारी

पुतळा होणार! ह्यांचा. पूर्णाकृती, ब्राँझचा, आरमाराच्या गणवेशात, कमरेला तलवार.

बँकेचे अध्यक्ष सकाळी स्वतः सांगायला आले. बूट दाराबाहेर काढले, ह्यांच्या खुर्चीकडे वळले आणि मध्येच सावरून स्टुलावर बसले. हे गेल्याला चौदा महिने झाले, तरी त्या खुर्चीत कुणी बसत नाही. मी सोडून. "वहिनी, शहरानं ठरवलंय," म्हणाले. शहरानं म्हणजे स्मारक समितीनं, आणि समिती म्हणजे बहुतेक हेच गृहस्थ. पण बोलत होते मनापासून. तीस वर्षांपूर्वी ह्यांच्या हाताखाली साधे कारकून होते, आता ह्यांच्याच खोलीत बसतात.

तीन गोष्टी हव्यात म्हणाले. मापासाठी गणवेश आणि तलवार. पुस्तिकेसाठी माझ्या आठवणींची चार पानं. आणि घरच्यांचं संमतिपत्र, त्यावर माझी सही. तिन्हींना हो म्हटलं. सहीचा कागद अजून यायचाय.

ते गेल्यावर आरशासमोर उभी राहिले. पुतळ्याची बायको कशी दिसते बघायला. तशीच दिसते — केस विंचरायचे राहिलेली.

५ जानेवारी

गणवेश उन्हात घातला. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं शेजारीण शिंकून बेजार.

८ जानेवारी

शिल्पकार आल्या. मला वाटलं होतं कुणी दाढीवाला असेल, तर ही माझ्या लेकीच्या वयाची बाई! गणवेश टेबलावर पसरला, फीत काढली, बाहीवरचे चार सोनेरी पट्टे बोटानं चाचपले. "साहेबांची छाती भरदार होती का?" मी म्हटलं, छाती शिंप्याची होती, आत कापूस आहे, दाबून बघा. हे अंगानं काटकुळे. गणवेश घातला की समुद्र दोन पावलं मागे सरकेल असे दिसायचे आणि काढला की गणिताचे मास्तर.

मग त्यांनी विचारलं, आरमार का सोडलं. खरं ते सांगितलं. तोफांच्या सरावात डावा कान गेला. जहाज काढून घेतलं आणि किनाऱ्यावर एक मोठं टेबल दिलं. त्या टेबलाशी सहा महिने काढले. मग एक दिवस जेवताना म्हणाले, मी उद्यापासून अधिकारी नाही. वय चव्वेचाळीस. माझ्या हातातला घास तसाच राहिला. पण मीही काही कमी नव्हते. म्हटलं, बरं, मग उद्या लाँड्रीतले कपडे तुम्ही आणा. आणले. दोन्ही हातांवर आडवे धरून, संचलन करावं तसे रस्त्यानं चालत आले.

शिल्पकार हसता हसता काहीतरी लिहून घेत होत्या. ब्राँझमध्ये लाँड्रीचे कपडे येतील असं काही वाटत नाही.

११ जानेवारी

आठवणी लिहायला बसले. चार पानं पुरायची नाहीत.

आमच्या शहरातली ही बँक तेव्हा धूळ खात पडलेली. आत गेलं की कुणी मान वर करायचं नाही. लोकांचा विश्वास बसेल असा व्यवस्थापक हवा होता, आणि आरमारातला माणूस म्हणजे सरळ असणार एवढ्या भांडवलावर ह्यांना घेतलं. बँकेतलं ह्यांना ओ की ठो येत नव्हतं. वर्षभर पहाटे उठून शिकले — माझ्या शाळेतल्या मुलांसारखे, वहीत समास आखून.

पहिल्या दिवशी शिपायाच्या आधी पोचले. तिजोरी पाहतील असं सगळ्यांना वाटलं होतं. हे गेले ते थेट मागच्या मोरीकडे. नाकाला रुमाल न लावता उभे राहिले आणि मग बाह्या सरसावून घासायला बसले. सोबत दोन कारकुनांनाही बसवलं. संध्याकाळपर्यंत नाव पडलं — मोरीकप्तान. ते ह्यांच्या कानावर आलं, चांगल्या कानावर, आणि ह्यांना भलतंच आवडलं.

मग रांगेतल्या लोकांसाठी बाकं आली. प्यायचं पाणी आलं. फॉर्म मोठ्या अक्षरांत छापले. चष्मा विसरलेल्या म्हाताऱ्याला कुणी हसलं तर त्या कारकुनाला दुसऱ्या दिवशी दारात उभं करायचे, येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून आत आणायला. पुलाच्या पायऱ्यांवर दिवे बसवले, कारण तिथे एक नर्स पडून पाय मोडून बसली होती. बँकेच्या माडीवर वाचनालय केलं. संचालक म्हणायचे, हे नगरपालिकेचं काम. ह्यांचं उत्तर ठरलेलं: "गळती दिसली की ज्याला दिसली त्यानं बुजवायची."

अभिमान वाटतो. लिहितानासुद्धा पाठ ताठ होते.

१२ जानेवारी

पुस्तिकेचा कच्चा मसुदा आला. दिवे आहेत, वाचनालय आहे, बाकंसुद्धा आहेत. आरमारातली पदकं ठळक अक्षरांत. आणि सगळ्यांत शेवटी — "इतर लोकोपयोगी कामे."

अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, इतर म्हणजे काय? ते खोकले. बाजारातलं ते… वहिनी, पुस्तिकेत बरं दिसणार नाही, मान्यवर येणार आहेत.

बाजारातलं ते म्हणजे बायकांचं स्वच्छतागृह. ह्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यांत मोठं काम. ते "इतर"!

१३ जानेवारी

त्यांच्या पुस्तिकेत नसेल तर माझ्या वहीत असू दे.

चोवीस वर्षं झाली. बाजारात लिंबं विकणारी एक बाई बँकेत आली आणि रांगेत उभ्या उभ्या कोसळली. ह्यांनी तिला बाकावर निजवलं, स्वतः पाणी आणलं. शुद्धीवर आली, पण पाणी घेईना. पुन्हा पुन्हा पेला बाजूला सारायची. शेवटी म्हणाली, "पाणी नको साहेब. प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?" पहाटे चारला बाजारात यायची आणि अंधार पडल्यावर घरी. मधले सगळे तास कोरडे. बाजारात बसणाऱ्या सगळ्याच बायकांचं असं.

त्या दिवशी हे साडेपाचलाच घरी आले. मी शाळेतून नुकती आले होते आणि स्वयंपाकघरात उभ्यानं तांब्याभर पाणी पीत होते. रोज प्यायचे तसं. हे दारात थांबून बघत राहिले. मग विचारलं, "तूसुद्धा?"

म्हटलं, अहो, मग काय! शाळेत पुरुष शिक्षकांची सोय आहे, आमची नाही. दहा ते पाच पाणी प्यायचं नाही, संपलं. एकोणीस वर्षं झाली. दोनदा मूत्राशयाला सूज आली तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं? उष्णता झाली म्हणून. ते मी अगदी सहज बोलले. मला त्यात काही वाटतच नव्हतं तोवर.

हे खाली बसले. म्हणाले, "माझ्या जहाजावर दोनशे चाळीस माणसं होती. कोण कुठे झोपतो, कुठे जेवतो, कुठे जातो, सगळं मला पाठ होतं. आणि माझ्या घरात…"

उठून चहाची भांडी घासली. ती स्वच्छच होती.

१४ जानेवारी

आणखी लिहायचंय, थांबवत नाही.

संचालक मंडळात हशा पिकला. एक जण म्हणाला, बँकेचं नाव संडासावर घालणार का? हे म्हणाले, लाज वाटत असेल तर माझं घाला. वर्तमानपत्रात चित्र आलं — डोक्यावर नौदलाची टोपी, हातात सुकाणू म्हणून खराटा. मी रागानं लाल झाले. ह्यांनी ते कापून पाकिटात ठेवलं.

जागेसाठी नगरपालिकेत दीड वर्ष खेटे घातले. जागा मिळाली ती बाजाराच्या तोंडाशी, मोक्याची. आराखडा स्वतः काढला. सहा खोल्या. आतून पक्की कडी. पिशवी अडकवायला खुंटी — किती उंचीवर हवी म्हणून मला भिंतीशी उभं करून खडूनं खूण केली. तान्हं मूल ठेवायला फळी. उजेड येईल पण नजर येणार नाही अशी वर खिडकी. बाजारातल्या बायकांना एकेकीला विचारायला मला पाठवलं. पहिल्या दिवशी त्या लाजल्या, दुसऱ्या दिवशी मला बोलूच देईनात.

उद्घाटनाला हे आत गेले नाहीत. फीतही कापली नाही. म्हणाले, पुरुषाचं तिथे काय काम? लिंबूवालीनं दार उघडलं. पुढे देखरेखीचं काम तिलाच दिलं. आता तिला सगळे चावीवालीच म्हणतात.

आणि ह्यांनी ती इमारत वापरात आल्यावर आतून कधीच पाहिली नाही! दर रविवारी मला पाठवायचे आणि मी परत आले की समोर बसवून अहवाल घ्यायचे. नळ गळतो का? कडी बसते का? फळी ओली होती का? मी सांगायचे आणि हे डोळे मिटून ऐकायचे. शेवटपर्यंत, वीस वर्षं. इतर नवरा-बायको रविवारी फिरायला जातात.

त्याच वर्षी माझ्या शाळेतही सोय झाली. पत्र बँकेचं गेलं होतं. मला कळलं ते हेडमास्तरांकडून.

१९ जानेवारी

चावीवाली आली. उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही. नगरपालिकेनं इमारतीवर नोटीस चिकटवली आहे म्हणाली. पंधरा दिवसांत मोकळी करा, पाडायची आहे. तिथे चौक होणार, मधोमध चौथरा.

"कसला चौथरा?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "बाई, साहेबांचा."

२० जानेवारी

स्वतः जाऊन आले. नोटीस खरी आहे. चुन्यानं जमिनीवर रेघा मारून ठेवल्यात — पहिल्या तीन खोल्यांच्या बरोब्बर मधून चौथरा जातो.

एक बाई मूल फळीवर ठेवून आत गेली. बाहेर आली, मूल उचललं, रेघ ओलांडली आणि आपल्या भाजीशी जाऊन बसली. रेघेकडे तिचं लक्षही नव्हतं.

अध्यक्षांना गाठलं. त्यांना माहीत होतं. शहरात तेवढी एकच मोक्याची जागा आहे, वहिनी. बायकांची पर्यायी सोय? होईल की पुढेमागे.

संमतिपत्र आजच पाठवलंय त्यांनी, अठ्ठावीसच्या स्मारक सभेच्या आमंत्रणासोबत. टेबलावर पडलंय. वर गणवेश ठेवलाय, उडू नये म्हणून.

२१ जानेवारी

लेकीशी फोनवर भांडण. तिचं म्हणणं, आई, बाबांचा पुतळा होतोय, तू आडवी का येतेस? इमारत काय, दुसरीकडे बांधतील. मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, मला वाटायचं बाबांना त्यांचा मान मिळावा. गणवेशातले बाबा. मला ते तसेच आठवतात.

तिला ते तसेच आठवणार. ती आठ वर्षांची होती आणि ते बंदरावर उतरायचे तेव्हा सगळे सलाम ठोकायचे. मला तिचा राग आला नाही. मलाही तो गणवेश आवडतो, हे मी कुणाला सांगू?

सही केली नाही. नाही म्हणूनही कळवलं नाही. दिवसभर नुसतं घर आवरलं.

२४ जानेवारी

आज जे ऐकलं ते आधी का नाही कळलं मला!

दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. काठी, जाड भिंगं. ह्यांच्या जहाजावर इंजिनवर होते. पुतळ्याची बातमी वाचून दोन दिवसांचा प्रवास करून आले. मला "बाईसाहेब" म्हणत होते, मी नको म्हटलं तरी.

म्हणाले, पुतळा करताय ते चांगलंच, पण साहेबांची खरी गोष्ट कुणी लिहिली का? मी म्हटलं, कुठली? पदकं लिहिली आहेत. त्यांनी मान हलवली. मग सांगितलं.

हे तेव्हा तिशीतले, जहाजावर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. वादळात अडकून आठवडा झालेला. अर्ध्या माणसांना जुलाब. आणि खालचे सगळे संडास तुंबले, मैला उलटा वर येऊ लागला, झोपायच्या जागेपर्यंत. मैल्याचा मोठा नळ मोकळा करायला एका माणसाला आडवं होऊन आत शिरावं लागणार होतं. कुणी तयार होईना. हुकूम देता आला असता. ह्यांनी दिला नाही. सदरा काढला, तोंडाला फडकं बांधलं आणि स्वतः शिरले. दोन तास आत. "आधी आम्ही बघत राहिलो," ते म्हणाले, "मग एकेक जण खाली उतरला. शेवटी रांग लागली, बाईसाहेब. घाणीत शिरायला रांग!" दुसऱ्या दिवशी हे पांढऱ्या शुभ्र गणवेशात वर आले. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण त्या जहाजावर त्यानंतर कुठल्याही कामाला कुणी नाही म्हटलं नाही.

त्या सफरीतलं ह्यांचं पत्र माझ्याकडे आहे. हवा खराब आहे, वाचायला दोन पुस्तकं आहेत, तब्येत ठीक. एवढंच.

त्यांना जेवू घातलं. मग गणवेश दाखवला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, ताठ उभे राहिले आणि रिकाम्या गणवेशाला सलाम केला. मला रडू आवरेना. आणि ह्यांचा रागही आला — असा माणूस घरात होता आणि मला पत्रातून हवामान कळवत होता.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सभेला येते मी."

२८ जानेवारी

सभा झाली. बँकेच्याच दालनात. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत. तिकाटण्यावर पुतळ्याचं मोठं चित्र — छाती भरदार!

मागे दार उघडलं आणि बाजारातल्या बायका आत आल्या. चाळीसेक असतील. पुढे चावीवाली, मागे माझी लेक — तिनंच आणलं होतं सगळ्यांना. बसायला जागा नव्हती, भिंतीशी उभ्या राहिल्या.

माझं नाव पुकारलं. चार पानं लिहून नेली होती, ती काढलीच नाहीत. आधी जहाजावरची गोष्ट सांगितली. मग लिंबांची. मग माझी स्वतःची — एकोणीस वर्षं, दहा ते पाच. हे असं कधी भर सभेत बोलेन असं वाटलं नव्हतं. पहिल्या रांगेतले दोन जण बुटांकडे बघायला लागले. मी वर्गात थांबते तशी थांबले, त्यांनी मान वर करेपर्यंत.

मग म्हणाले, "तुम्ही जिथे ह्यांना उभं करताय, तिथे रोज तीनशे बायका बसतात. त्यांना उठवून ह्यांना उभं करू नका. माझी सही मिळणार नाही."

मागून एक बाई खुदकन हसली, आणि भिंतीशी उभ्या सगळ्याच हसल्या. हसता हसता टाळ्या.

अध्यक्ष उठले. मला वाटलं आता समजूत घालणार. ते तिकाटण्याजवळ गेले आणि चित्राची गुंडाळी करायला लागले. पाठमोरेच बोलले. साहेबांनी पहिल्या दिवशी मोरी घासायला बसवलेल्या दोन कारकुनांपैकी मी एक, म्हणाले. मला तेव्हा संताप आला होता. ते नाव मीच पाडलं होतं. मग वळून म्हणाले, "वहिनी, चुकलं आमचं."

ठराव झाला. पुतळा नाही. जमलेल्या वर्गणीतून बाजारातल्या इमारतीची डागडुजी. नगराध्यक्षांनी नोटीस मागे घेतल्याचं तिथेच सांगितलं — वर्तमानपत्रवाले समोर होते, दुसरं काय करणार?

लेकीनं घरी येताना माझा हात धरला. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

२९ जानेवारी

शिल्पकार मापासाठी नेलेली तलवार परत द्यायला आल्या. काम गेलं तरी हसतमुख. म्हणाल्या, लाँड्रीचे कपडे घेतलेला पुतळा मी केला असता हो.

६ फेब्रुवारी

नगराध्यक्षांकडे गेले होते. लोखंड गरम आहे तोवर म्हणून. बसस्थानकावर बायकांची सोय नाही. न्यायालयात नाही. नव्या भाजीबाजारात नाही. बावीस वर्षांत ह्या शहरात अशी दुसरी इमारत झालेली नाही, आणि हे माझ्या आजवर लक्षात आलं नाही! मी आपली एकाच इमारतीचा अभिमान बाळगत बसले.

अर्ज वाचला नाही त्यांनी. चहा मागवला. ह्यांची तोंड भरून स्तुती केली. मग अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ठरवायचं काम आमच्यावर सोडा, वहिनी. तुम्ही साहेबांच्या आठवणी जपा."

बाहेर पडताना सभागृहाचं दार उघडं होतं. आत डोकावले. एक खुर्ची रिकामी, त्यावर धूळ. शिपायाला विचारलं. आपल्याच भागाच्या नगरसेवकाची हो, म्हणाला, गेले ना ते गेल्या वर्षी. पुढच्या महिन्यात पोटनिवडणूक आहे.

१२ फेब्रुवारी

आज अर्ज भरला. सूचक म्हणून चावीवालीची सही. कारकून म्हणाला, नावापुढे कॅप्टनसाहेबांच्या पत्नी असं लिहा, मतं पडतील. मी नुसतं माझं नाव लिहिलं. व्यवसाय: निवृत्त शिक्षिका.

मग "निवृत्त" खोडलं.